दोन हात ढील

१

आमच्या सूनबाईची यॉट शेजारच्या यॉटवर जाऊन रेलली होती आणि शेजारचे डॉक्टर सूनबाईच्या नावाने शंख करत होते. सकाळची न्याहारीसुद्धा अजून कुणाच्या घशाखाली उतरली नव्हती.

मी धुलाईखोलीत यंत्रातून चादरी काढत होते. आरडाओरडा ऐकून ओल्या चादरीसकट पळाले. किनाऱ्यावरून खाली जाणारा उताराचा पूल त्या वेळी इतका तिरका होता की माझा पाय दोनदा सटकला. काल दुपारी हाच पूल जेवणाच्या टेबलासारखा सपाट होता, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागायचा नव्हता.

परदेशातलं हे बंदर मालाच्या जहाजांचं नाही. हौशी लोकांच्या शिडाच्या यॉट इथे रांगेत उभ्या राहतात. पूल उतरलं की फळ्यांची लांब वाट, तिला दोन्ही बाजूंनी फाटे, आणि दोन फाट्यांच्या मधल्या जागेत दोन यॉट. अलीकडच्या फाट्याला आमची, पलीकडच्या फाट्याला डॉक्टरांची. सामानाची ढकलगाडी गेली की सगळी वाट हलते आणि मला गरगरतं. पहिल्या दिवशी सूनबाईने माझा हात धरून सांगितलं होतं, "आई, हलते, पण बुडत नाही."

आता आमच्या यॉटचं नाक डॉक्टरांच्या कठड्यात घुसलं होतं. कठडा वाकला होता आणि त्यांच्या पांढऱ्या अंगावर आमचा निळा ओरखडा उमटला होता. दोन्ही फाट्यांवर माणसं गोळा झाली होती. डॉक्टर दातांचे. गेली काही वर्षं दवाखाना बंद करून बायकोबरोबर समुद्र हिंडतायत, पण समोरच्याला तोंड उघडू न देण्याची सवय गेलेली नाही.

"जिला स्वतःची नाव धड बांधता येत नाही, तिच्या मागे मी माझ्या बायकोला घेऊन महासागर ओलांडू?" ते म्हणाले. "संध्याकाळी पुन्हा सभा घ्या. कालचा निकाल मला मान्य नाही."

कालचा निकाल म्हणजे आमच्या घरातला सण होता. पाच यॉटचा ताफा परवा निघणार. पुढे कित्येक दिवस फक्त पाणी. सगळ्यांच्या पुढे कोणी राहायचं, वारा कुणी जोखायचा, रात्री कुणाच्या दिव्यामागे बाकीच्यांनी जायचं, यावर काल मतं पडली आणि आमच्या सूनबाईचं नाव निघालं. यॉटची कप्तान ती. आमचे चिरंजीव तिच्या हाताखाली इंजिन आणि स्वयंपाक बघतात. लग्नाआधी त्यांना चहा करता येत नव्हता, तेव्हा या बाबतीतही मी सूनबाईची ऋणी आहे.

सूनबाई फाट्यावर उभी होती. तिने डॉक्टरांकडे सरळ बघितलं. "मी चारही दोऱ्या घट्ट बांधल्या होत्या," ती म्हणाली. मग जरा हळू, "बहुतेक."

ते "बहुतेक" मला सुईसारखं टोचलं. ही मुलगी वादळात शीड उतरवून आलेली आहे. तिच्या तोंडी हा शब्द मी आजवर ऐकला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो तिच्या मनात मुरला असता, तर सभेने तिला काढायची गरजच पडली नसती. ती स्वतःच उठून नाही म्हणाली असती.

"बहुतेक काय?" आमचे हे गरजले. "हिने बांधलेली नाव सुटत नसते! मी पहाटे स्वतः चक्कर मारून आलोय. झकास होती नाव! हे नंतर कुणीतरी केलंय, आणि मला माहितीये कुणी!"

असं म्हणून त्यांनी भर गर्दीत मास्तरांकडे, म्हणजे काल सूनबाईविरुद्ध उभे राहून हरलेल्या गृहस्थांकडे, बोट दाखवलं.

२

आमचे हे सारंग, म्हणजे लाँचचे चालक. उतारूंच्या लाँचवर चाळीस वर्षं सुकाणू धरलं. या दगडी धक्क्यावरून त्या दगडी धक्क्यावर, दिवसातून कितीतरी खेपा, आणि एकदाही लाँचला ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावरही गावात कुणी त्यांना नावाने हाक मारत नाही, सारंगच म्हणतात. इथे येऊन आम्हाला चारच दिवस झालेत, पण तेवढ्यात यांनी सूनबाईला शिडापासून स्टोव्हपर्यंत सगळ्यावर सल्ले दिलेत. ती प्रत्येक वेळी "हो बाबा" म्हणते आणि स्वतःच्या पद्धतीने करते. तिला उलट बोलणं जमत नाही, आणि यांना गप्प बसणं.

सध्या आम्ही चौघंही धुलाईखोलीच्या वरच्या दोन खोल्यांत मुक्कामाला आहोत, कारण यॉटच्या आतल्या फळ्यांना रोगण लावलंय आणि ते वाळून वास जाईपर्यंत आत झोपता येत नाही. म्हणजे काल रात्री यॉट रिकामी होती.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. गच्चीवरून कोण उतरलं, कुणाच्या खोलीत स्टोव्ह पेटला, हे शोधण्यात माझी हयात गेली. त्यात एक गोष्ट शिकले. पुरावा हाती लागला की आधी स्वतःचं तोंड बंद करायचं. म्हणून सगळे भांडत होते तेव्हा मी दोऱ्यांपाशी गेले.

फाट्यावर दोन शिंगांचे लोखंडी खुंटे आहेत. यॉटची प्रत्येक दोरी एकेका खुंट्याला आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली. चारही गाठी नीट होत्या. सुटलेली एकही नव्हती. टोकंसुद्धा व्यवस्थित दाबलेली.

मग यॉट सरकली कशी?

मी चादर खांद्यावर टाकली आणि खाली बसून पहिली दोरी हातात घेतली. तीन आठवडे एकाच जागी खुंट्यावर दाबून राहिल्याने दोरीवर चपटा, चकचकीत पट्टा पडला होता. पण तो पट्टा आता खुंट्यावर नव्हता. खुंट्यापासून यॉटच्या बाजूला दोन हात पुढे सरकला होता. दुसरी दोरी बघितली. तिथेही दोन हात. तिसरी आणि चौथीही तशीच.

दोरी आपोआप निसटली तर एक जास्त निसटेल, एक कमी. चारही दोऱ्या सारख्याच मापाने निसटत नाहीत. कुणीतरी एकेक गाठ सोडली होती, दोन हात ढील दिली होती आणि पुन्हा छान बांधली होती. एवढ्या ढिलीवर वारा आला आणि यॉट डॉक्टरांच्या अंगावर गेली.

माझ्या सुनेच्या हातून चूक झालेली नव्हती. अभिमानाने माझा ऊर भरून आला. पण "कुणीतरी" एवढं सांगून सभा ऐकणार नव्हती, तेव्हा मी ओठ मिटले आणि कामाला लागले.

३

इथल्या लोकांशी माझं बोलणं निम्मं इंग्रजीत आणि निम्मं हातवाऱ्यांत होतं. इथे सगळं मराठीतच सांगते.

पहिला गाठला रंगारी. यॉटवर काल शेवटचा तोच होता. त्याच्या कार्यशाळेत रोगणाचा उग्र वास आणि भुशाचे ढीग. मी नाकाला पदर लावला.

"संध्याकाळी निघताना दोऱ्यांना हात लावलास का?"

"मी कशाला लावू? मी ब्रशाचा माणूस."

"उतरलास कसा?"

"कसा म्हणजे? दोन्ही हातांत डबे होते. फाटा अगदी खेटून होता, एका पावलात उतरलो. दोन हात लांब असती नाव तर मी डब्यांसकट पाण्यात गेलो असतो ना, बाई!"

म्हणजे संध्याकाळी दोऱ्या घट्ट होत्या. डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं की रात्रभर वारा पडलेला होता, सकाळी ऊन वर आल्यावर सुटला. तोवर ढिली झालेली नावही जागच्या जागीच राहणार. ढील दिली गेली ती संध्याकाळ आणि न्याहारी यांच्या मधे.

डॉक्टरांनाही विचारलं. ते चिडले. "मी माझाच कठडा मोडून घेईन? माझ्या जबड्याला लागलं असतं तर एवढं दुखलं नसतं!" ते खरं होतं. कठड्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरले होते.

राहिले मास्तर. काल एका मताने हरलेले.

आमचे हे तोवर माझ्या मागेमागे होते. "त्यालाच धर," म्हणत होते. "पोटदुखी, दुसरं काय! माझ्या सुनेशी बरोबरी करतो!"

"तुम्ही खोलीवर जा आणि माझ्या चादरी वाळत घाला," मी म्हटलं.

"मी?"

"तुम्हीच. तपास करायचाय मला, भांडण नाही."

ते फणफणत गेले, पण गेले. मास्तरांची यॉट वाटेच्या अगदी टोकाला होती. मी हाक मारायच्या आत ते स्वतःच बाहेर आले आणि म्हणाले, "या. तुमची वाटच बघत होतो. तुमच्या सुनेची नाव कुणी सोडली ते मला माहितीये असं तुम्हाला वाटतंय ना?"

४

मास्तरांनी आयुष्यभर शिडाच्या होड्या चालवायला शिकवलं. त्यांच्या यॉटवरचं पितळ इतकं लखलखीत होतं की त्यात मी माझा पदर सारखा केला. त्यांनी मला बसायला गादी दिली आणि स्वतः उभे राहिले.

"बाई, मी हरलो याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण मला तिला बदनाम करायचं असतं तर मी एक दोरी पूर्ण सोडली असती आणि ती पाण्यात लोंबत ठेवली असती. तिने गाठच मारली नाही असं सगळ्यांना दिसलं असतं."

माणूस खरं बोलत होता. वसतिगृहात खोटं बोलणाऱ्या मुली आधी माझ्या चपलांकडे बघायच्या. मास्तर माझ्या डोळ्यांत बघत होते. तेव्हा मी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि त्यांना पट्ट्यांबद्दल सांगितलं. चार दोऱ्या, चारही दोन-दोन हात.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चारही सारख्या? आणि पुन्हा नीट बांधलेल्या?"

"टोकंसुद्धा दाबलेली."

"मग हे वाईटावर असलेल्या माणसाचं काम नाही. हे काळजी घेणाऱ्या माणसाचं काम आहे." त्यांनी बोटाने हवेत रेघ काढली. "दगडी धक्क्याला नाव बांधली असेल ना, तर ओहोटीला असंच करतात. पाणी उतरतं, धक्का तिथेच राहतो. दोऱ्यांना ढील दिली नाही तर नाव दोऱ्यांवर लोंबकळते. मी मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो. पण इथे असं कोण करेल? ही सगळी वाट तराफ्यावर आहे. पाणी उतरलं की वाट उतरते, नावही तिच्याबरोबर उतरते. ढील द्यायची गरजच नाही."

"आणि पाणी उतरलं की तो पूल तिरका होतो," मी म्हटलं.

"बरोबर. आज अगदी पहाटे ओहोटी होती."

पुढचं ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. जिथे दगडी धक्का नाही तिथे दगडी धक्क्याचं काम करून कोण गेलं असेल? ज्याच्या हातांना दुसरं काही माहीतच नाही असा माणूस. आणि केल्यावर ते कुणाला सांगावं असंही त्याला वाटलं नसेल. दाराबाहेर चप्पल काढली हे कुणी कुणाला सांगतं का?

असा एकच माणूस या बंदरात होता, आणि तो त्या वेळी माझ्या चादरी वाळत घालत होता.

५

संध्याकाळी सभेच्या थोडं आधी पुन्हा ओहोटी होती. मी यांना म्हटलं, "चला, जरा पाय मोकळे करू."

"तपासाचं काय झालं?"

"होईल. आधी हे सांगा, घरी गेल्यावर माडीच्या पन्हाळीचं काय करायचं? मागल्या वर्षी किती गळली."

पन्हाळीचा विषय काढला की हे रंगात येतात. गवंडी कसा चोर, पत्रा कसा पातळ, असं बोलत आम्ही तो तिरका पूल उतरलो. फळ्यांच्या वाटेने सूनबाईच्या यॉटपाशी आलो. सकाळी तिने पुन्हा स्वतः दोऱ्या बांधल्या होत्या, एकेक गाठ दोनदा तपासून. मी थांबले. हेही थांबले.

"पत्र्याखाली आधी फळी हवी," हे म्हणाले आणि खाली वाकले. "गवंड्याला मी तेव्हाच सांगितलं होतं." बोलता बोलता पहिल्या खुंट्यावरची गाठ सुटली. दोरी यांच्या तळहातावरून सरकली. एक हात, दोन हात. तोंड पन्हाळीबद्दल बोलत होतं आणि हात पुन्हा आठ घालून टोक दाबत होते. हे दुसऱ्या खुंट्याकडे सरकले.

"अहो," मी म्हटलं, "काय करताय?"

"काही नाही. ओहोटी लागली ना."

एवढं बोलून ते गोठले. हात खुंट्यावर तसाच राहिला. त्यांनी पायाखालच्या फळ्यांकडे बघितलं, मग वर त्या तिरक्या पुलाकडे, मग यॉटकडे. पाठीमागून एक ढकलगाडी गेली आणि आम्ही दोघं वाटेबरोबर खालीवर झालो.

"हे तरंगतंय," ते म्हणाले.

"हो."

"मला माहीत होतं हे तरंगतं. चार दिवस बघतोय." त्यांनी स्वतःचे तळवे उलटे करून पाहिले. "हातांना माहीत नव्हतं गं."

ते तिथेच फळ्यांवर बसले. हे सत्तरीत गेले, पण यांना असं मांडी घालून मटकन बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांत ओरखडा नाही, आणि पहिला ओरखडा सुनेच्या नावेकडून! मला त्यांची दया आली आणि खूप राग आला, दोन्ही एकदम.

"एक सांगू?" मी म्हटलं. "तुमचं नाव न घेताही भागेल. दोरीवरचे पट्टे मी दाखवते. कुणीतरी मुद्दाम सोडली हे सिद्ध होतं. सूनबाई सुटली."

"कुणीतरी म्हणजे मग संशय कुणावर?"

"मास्तरांवर. तुम्हीच सकाळी बोट दाखवलंत."

त्यावर हे उठले, दिलेली ढील परत ओढून घेतली, दोरी सूनबाईने बांधली होती तशी बांधली, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. मग माझी वाट न बघता पूल चढायला लागले.

६

सभा धुलाईखोलीच्या शेजारच्या मोठ्या खोलीत होती. लाकडी बाकं, भिंतीवर हवामानाचे नकाशे, कोपऱ्यात कुणीतरी सोडून गेलेल्या पुस्तकांचं फडताळ. पाचही यॉटची माणसं आली होती. आम्ही शिरलो तेव्हा सूनबाई उभीच होती.

"मी दिवसभर आठवून बघितलं," ती म्हणत होती. "मी दोऱ्या घट्ट बांधल्याचं मला आठवतंय. पण नाव सुटली हेही खरं आहे. ज्या माणसाला स्वतःच्या हाताची खात्री देता येत नाही, त्याने दुसऱ्यांच्या पुढे राहू नये. म्हणून मी..."

"थांब!" हे म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. सूनबाईने सवयीने "बाबा, तुम्ही बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत. खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि चिरंजीवांना म्हणाले, "मी बोलतो, तू या लोकांना सांग. एक शब्द गाळलास तर याद राख."

चिरंजीवांचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता.

"हिने नाव नीट बांधली होती," हे म्हणाले. "नाव रिकामी म्हणून आज पहिल्यांदाच मी पहाटे बघायला आलो. ओहोटी दिसली. दगडी धक्क्यावर देतात तशी चारही दोऱ्यांना दोन हात ढील दिली आणि निघून गेलो. नंतर तेच विसरलो. सकाळी मी इथे उभा राहून मास्तरांवर आळ घेतला." ते मास्तरांकडे वळले आणि हात जोडले. "माफी मागतो. आणि डॉक्टर, तुमचा कठडा मी उद्या सूर्य उगवायच्या आत सरळ करून देतो. मला ते काम येतं. पण या पोरीच्या नावाला बोट लावायचं नाही."

चिरंजीवांनी अडखळत सगळं सांगितलं. पण एक शब्द गाळला नाही. मग मी पट्ट्यांबद्दल सांगितलं, रंगाऱ्याच्या एका पावलाबद्दल सांगितलं, आणि मास्तरांनी ओहोटीचं गणित समजावलं. कुणी काही विचारायचं राहिलं नाही.

सगळे सूनबाईकडे बघत होते. मीही. मला वाटलं, आता ही "असू दे बाबा" म्हणेल, त्यांना पाणी देईल आणि विषय मिटवेल. घरात ती तेच करते. तसं केलं असतं तर तिचं कुणी वाईट म्हटलं नसतं, पण तिच्या मागे महासागरात कुणी गेलंही नसतं.

ती सासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता.

"बाबा, तुम्ही खरं बोललात. तुमच्याएवढं धैर्य मला झालं नसतं. पण एक गोष्ट आज सगळ्यांसमोर सांगते. माझ्या यॉटच्या दोरीला माझ्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

चिरंजीव भाषांतर करायचे विसरले. गरज नव्हती. डॉक्टरांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण ते सावरून बसले.

आमच्या घरात यांना असं कुणी सांगितलेलं नाही. यांच्या आईने नाही, मी तर नाहीच. यांची मान वर झाली. खांदे मागे गेले. टाचा जुळल्या. लाँचवर कधी बंदरातला मोठा साहेब चढला तर हे असे उभे राहायचे म्हणतात. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"होय, कप्तान," हे म्हणाले.

सूनबाईनेच पुढे राहावं म्हणून पहिला हात मास्तरांचा वर गेला. मग डॉक्टरांच्या बायकोचा, आणि तिने कोपराने ढोसल्यावर डॉक्टरांचाही. बाकीचे हात मी मोजले नाहीत, कारण मला दिसतच नव्हतं. मी डोळे पुसत होते आणि शेजारच्या अनोळखी बाईला हातवारे करून सांगत होते की ती उभी आहे ना, ती माझी सून आहे.